साथीतली बाळंतपणं

२०२२ ची दिवाळी आली तेव्हा मुंबईकरांच्या तोंडावरचा मास्क उतरून बरेच महिने झाले होते. लोकल पुन्हा भरभरून धावत होत्या, लांबणीवर पडलेली लग्नं उरकली होती आणि करोनाचा विषय गप्पांतूनही हद्दपार होत चालला होता. त्याच दिवसांत गोवंडीच्या रफिकनगरात एकाच कुटुंबातली तीन मुलं थोड्या थोड्या अंतराने दगावली. ताप, खोकला, लाल डोळे, मग अंगभर पुरळ. आजार नवा नव्हता आणि अनोळखीही नव्हता. तो गोवर होता. बघता बघता तो मुंबईच्या इतर वस्त्यांत, भिवंडीत, मालेगावात दिसू लागला. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात लहान मुलांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या आणि वर्ष संपेपर्यंत मुंबई परिसरात, संशयित धरून, दहाहून अधिक बालकांचा जीव गेला.

गोवराची लस आपल्याकडे फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आता एक साधा हिशेब करून बघा. जून २०१९ मध्ये जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने भरले मार्च २०२० मध्ये, म्हणजे नेमके टाळेबंदी लागली तेव्हा. त्याच बाळाच्या दुसऱ्या डोसाची मुदत ऑक्टोबर २०२० ते जून २०२१, म्हणजे पहिली लाट ओसरत असताना सुरू झाली आणि दुसरी लाट ओसरेपर्यंत संपलीसुद्धा. हे मूल २०२२ च्या दिवाळीत सव्वातीन वर्षांचं होतं. गोवंडीत गोवराने गाठलेली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतलीच होती.

सगळा दोष करोनाच्या साथीच्या माथी मारणं मात्र बरोबर होणार नाही. गोवंडी-मानखुर्दच्या त्या पट्ट्यात दाटीवाटीची घरं, कुपोषण, सतत बदलणारे पत्ते आणि लसीबद्दलचे गैरसमज हे सगळं करोनाच्या आधीपासून होतं. पण गोवर हा अतिशय संसर्गजन्य आजार. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांपर्यंत तो पोचवू शकतो. त्याला रोखायचं तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. इतकं नाजूक गणित दीड-दोन वर्षं विस्कटलं की काय होतं ते गोवंडीने दाखवलं. देशपातळीवरचे आकडे हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेली मुलं भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली.

साथीच्या काळात आपण सेवांची दोन गटांत विभागणी केली: तातडीच्या आणि पुढे ढकलता येण्याजोग्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन चार महिने थांबलं तर त्रास होतो, पण डोळा तिथेच असतो. गुडघ्याचंही तसंच. आई आणि मूल यांच्या बाबतीत मात्र जवळपास प्रत्येक गोष्टीला तारीख असते. गरोदरपणाचे नऊ महिने असतात, त्यातली रक्तदाबाची तपासणी विशिष्ट आठवड्यांत व्हावी लागते, बाळाला हृदयाजवळ धरायचं ते पहिल्या तासात, लस दीड महिन्यात, पूरक आहार सहा महिन्यांनी. यातली एकही गोष्ट ‘नंतर बघू’ म्हणून त्याच जागी उभी राहत नाही. कागदावर हे सरकारलाही ठाऊक होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याबद्दलची मार्गदर्शक टिपणी काढली आणि तिच्यात माता-बाल आरोग्य अग्रक्रमाने घातलं. टिपणीची तारीख १४ एप्रिल २०२०. पहिल्या एकवीस दिवसांच्या टाळेबंदीचा तो शेवटचा दिवस होता.

बाळंतपणात बाई का दगावते याचं एक जुनं, पण अजून न खोडलेलं उत्तर आहे. थॅडियस आणि मेन या दोन संशोधिकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली. दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर, तिथपर्यंत पोचायला झालेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत बाई जाऊ शकते. त्यामुळे हे तिन्ही उशीर मिनिटांत मोजायचे असतात. महासाथ येते तेव्हा ती या तिन्ही ठिकाणी एकदम येऊन बसते.

पहिला उशीर भीतीचा. याचा सगळ्यात कडू धडा पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनने २०१४-१५ मध्ये दिला होता. तिथे इबोला पसरला. रक्त आणि शरीरातल्या स्रावांतून लागणारा हा रोग, आणि प्रसूतिगृहाइतकं रक्त आणि स्राव दुसरीकडे कुठे असणार? परिचारिका, सुइणी, डॉक्टर मरू लागले. जे उरले ते कळा देणाऱ्या बाईला हात लावायला धजेनात. आणि बायकाही दवाखान्याकडे फिरकेनात, कारण तिथे गेलेला माणूस परत येत नाही असं गावोगाव पसरलं होतं. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला. सेवांचा वापर घटल्यामुळे एका वर्षात झालेले जास्तीचे मातामृत्यू, नवजात मृत्यू आणि मृतजन्म मिळून, अगदी हात राखून धरलं तरी, ३,६०० च्या घरात जात होते. त्या देशात प्रत्यक्ष इबोलाने गेलेल्यांची नोंद ३,९५६ आहे. एवढ्या आया आणि बाळं गेली, पण त्यांची मोजणी कोणत्याही रोजच्या बातमीपत्रात होत नव्हती.

हा धडा ताजा होता. म्हणूनच मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये ११८ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी आधीच इशारा दिला. सेवा थोड्या विस्कळीत झाल्या तर सहा महिन्यांत अडीच लाखांहून अधिक बालकं आणि १२ हजारांहून अधिक माता जास्तीच्या दगावतील, आणि घडी फारच विस्कटली तर हे आकडे साडेअकरा लाख आणि साडेछप्पन्न हजारांपर्यंत जातील. ते गणिती भाकीत होतं आणि भाकितांवर वाद घालता येतो. प्रत्यक्षात काय घडलं ते मात्र शेजारच्या नेपाळमधून लगेच कळलं. तिथल्या नऊ रुग्णालयांत टाळेबंदीच्या आधीपासूनच जन्मांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या जात होत्या. टाळेबंदीत या रुग्णालयांतली बाळंतपणं निम्म्याहून कमी झाली. मृतजन्मांचं प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेलं, नवजात बालकांचे मृत्यू हजारी १३ वरून ४० वर.

या अभ्यासातला एक तपशील मला या आकड्यांपेक्षाही जास्त खटकतो. त्या काळात कर्मचाऱ्यांचं हात धुणं वाढलं होतं, पण कळा चालू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके तपासणं कमी झालं होतं. म्हणजे जी माणसं कामावर होती त्यांचं सगळं लक्ष विषाणूकडे होतं. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण नुसती सूचनांची पत्रकं मिळालेल्या आणि पीपीई किटची वाट बघणाऱ्या परिचारिकेने दुसरं काय केलं असतं?

दुसरा उशीर रस्त्यावरचा. महाराष्ट्रात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून टिकून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, मुलगी माहेरी येते आणि तिथल्या दवाखान्यात तिचं नाव घातलं जातं. २०२० च्या उन्हाळ्यात हे सगळं अडलं. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागायचा. पुण्यात तपासणी झालेली मुलगी साताऱ्याला पोचली तर गावात चौदा दिवस शाळेत ठेवायचे, आणि पोचली नाही तर अनोळखी शहरात पहिलटकरणीजवळ बाईमाणूस कोण? शिवाय तपासणीचे कागद एका ठिकाणी आणि बाळंतपण दुसऱ्याच ठिकाणी. रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीच्या सोनोग्राफीत काय दिसलं होतं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ही झाली ज्यांना माहेर आणि पास दोन्ही मिळण्याची शक्यता होती त्यांची गोष्ट. मे २०२० मध्ये नाशिकहून मध्य प्रदेशातल्या सतन्याकडे पायी निघालेल्या मजुरांच्या तांड्यात एक दिवस भरलेली बाई होती. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, बरोबरच्या बायकांच्या आडोशाने ती बाळंत झाली. तास-दोन तास विसावली आणि बाळ घेऊन पुन्हा चालू लागली. सेंधव्याजवळच्या सीमानाक्यावर तिची विचारपूस होईपर्यंत दीडशेहून अधिक किलोमीटर झाले होते. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या धैर्याचं फार कौतुक केलं. मला त्यात धैर्यापेक्षा एक प्रश्न दिसतो. नाशिक ते सेंधवा या रस्त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, ग्रामीण रुग्णालयं आहेत, रुग्णवाहिका आहेत. एवढ्या वाटेत एकाही ठिकाणी तिला थांबावंसं किंवा कुणाला तिला थांबवावंसं का वाटलं नाही?

तिसरा उशीर दारावरचा. त्याच मे महिन्याच्या अखेरीस मुंब्र्यात एक गरोदर बाई रिक्षातच गेली. घरच्यांनी तिला एकामागून एक तीन रुग्णालयांत नेलं होतं आणि तिन्हींनी घेतलं नव्हतं. दहा-बारा दिवसांनी दिल्लीजवळ नोएडा-गाझियाबाद परिसरात आणखी एक गरोदर बाई आठ रुग्णालयं फिरून तेरा तासांनी रुग्णवाहिकेत दगावली. कारण बहुतेक वेळा एकच असायचं: आधी करोनाची चाचणी करून आणा. गंमत म्हणावी की क्रूर थट्टा, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १८ मे २०२० च्या चाचणीविषयक सूचनांत स्वच्छ लिहिलं होतं की चाचणी झालेली नाही म्हणून प्रसूतीसह कोणताही तातडीचा उपचार थांबवू नये. नियम होता, पण दारावरच्या वॉर्डबॉयपर्यंत आणि कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरपर्यंत तो पोचला नव्हता. काही ठिकाणी पोचूनही उपयोग नव्हता, कारण एखादी बाई पॉझिटिव्ह निघाली तर अख्खं प्रसूतिगृह बंद करावं लागेल, अशी छोट्या नर्सिंग होमना धास्ती होती. अनेकांनी मार्च-एप्रिलमध्येच शटर ओढून घेतलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. इतक्या वर्षांत बायकांना घरातून दवाखान्यात आणायचं काम आपण पार पाडलं आणि त्या आल्या तेव्हा दारं लावून घेतली.

उघडी राहिलेली दारंही होती, आणि त्यांची नोंद कमी घेतली जाते. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये करोना रुग्णालय झालं आणि पॉझिटिव्ह गरोदर बायकांची रीघ तिथे लागली. पुढच्या वर्षभरात तिथे हजाराहून अधिक पॉझिटिव्ह मातांची बाळंतपणं झाली. त्यांत जुळी होती, तिळी होती, सिझेरियन होती. पीपीई किटच्या आत घामाने निथळत, चष्म्यावर वाफ धरलेली असताना सिझेरियन करणं काय असतं हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाच विचारावं. नायरने आणखी एक मोलाचं काम केलं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेबरोबर ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही सुरू केली आणि राज्यातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं तिला जोडली गेली. साथ चालू असतानाच या नोंदींतून उत्तरं मिळू लागली. एरवी असे अभ्यास रोग निघून गेल्यावर छापले जातात.

या नोंदवहीने काय सांगितलं हे समजायला गरोदर शरीराचं थोडं बघावं लागेल. पोट वाढतं तसं श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांत राखीव हवा कमी राहते, आणि ऑक्सिजनची गरज मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली असते. बाळाला परकं समजून हुसकावून लावू नये म्हणून प्रतिकारशक्तीनेही आपली चाल बदललेली असते. रक्त गोठण्याकडे जास्त झुकतं, कारण बाळंतपणात ते वाहून जाऊ नये हा निसर्गाचा बंदोबस्त. श्वसनाचा आजार अशा शरीरात शिरला की मुळातच कमी असलेली शिल्लक झपाट्याने संपते. हे शंभर वर्षांपासून माहीत होतं. १९१८ च्या इन्फ्लूएन्झात अमेरिकेतल्या १,३५० गरोदर रुग्णांची पाहणी झाली होती, त्यातल्या सुमारे २७ टक्के दगावल्या. त्याच साथीत हिंदुस्थानात ऐन तारुण्यातल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने थैमान घातलं तेव्हाही गरोदर बायका जास्त धोक्याच्या गटात होत्या, आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यांत मोफत द्यायला सुरुवात केली.

करोनाच्या पहिल्या लाटेत हा धोका तितकासा दिसला नाही. बहुतेक पॉझिटिव्ह मातांना लक्षणंच नव्हती, बाळं बहुधा निगेटिव्ह निघत होती, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग दुसरी लाट आली. आयसीएमआरने जून २०२१ मध्ये या नोंदवहीतून दोन्ही लाटांतल्या १,५३० गरोदर आणि बाळंतिणींची तुलना प्रसिद्ध केली. लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेलं होतं, आणि मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर. आठपट. अमेरिकेतल्या नोंदींतून डेल्टा या करोनाच्या उपप्रकाराच्या काळात मृतजन्मही वाढलेले दिसले. वारेवर विषाणूने हल्ला केला की बाळाचा पुरवठाच तुटतो.

आता या काळातली लसीची तारीख बघा. भारतात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ रोजी. गरोदर आणि स्तनदा मातांना त्यातून वगळलं होतं, कारण लसीच्या चाचण्यांत त्यांना घेतलेलंच नव्हतं. स्तनदा मातांना परवानगी मिळाली १९ मे रोजी आणि गरोदर मातांना २ जुलै रोजी. दुसऱ्या लाटेचं शिखर या दोन्ही तारखांच्या आधीच येऊन गेलं होतं. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून गरोदर बाईला हवी असेल तर लस घेता येत होती आणि ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये तसा सल्ला दिला होता. सावधगिरी समजू शकते. पण पॉझिटिव्ह रुग्णांच्या वॉर्डात काम करणाऱ्या सहा महिन्यांच्या गरोदर परिचारिकेला लसीपासून दूर ठेवणं ही कुणाची सावधगिरी होती? गरोदर बायकांना जपायचं म्हणून चाचण्यांतून वगळायचं आणि मग माहिती नाही म्हणून लसीतूनही वगळायचं, हे चक्र पुढच्या साथीआधी तोडायला हवं. लस तयार करणाऱ्यांनी आणि तिला मान्यता देणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हा गट धरून चालणं हाच त्याचा उपाय आहे.

सावधगिरीचा असाच एक प्रकार बाळंतखोलीत झाला. आई पॉझिटिव्ह आली की कित्येक रुग्णालयांनी बाळ लगेच बाजूला नेलं. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या, आणि आजी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीपासून सांगत होती की मास्क लावून, हात धुऊन आईने बाळाला पाजावं आणि जवळच ठेवावं. पाजणं तुटलं आणि दूध आटलं की गरीब घरात पावडरीचं दूध, दूषित पाणी आणि जुलाब ही साखळी सुरू होते. कमी वजनाच्या बाळांचं तर जगणंच आईच्या उबेवर असतं. मार्च २०२१ मधल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की अशा बाळांना आईच्या छातीशी ठेवण्याने जगभरात सव्वा लाखाहून अधिक जीव वाचू शकतात. त्या मानाने करोनामुळे दगावू शकणारी बाळं दोन हजारांपेक्षाही कमी. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सायन रुग्णालयात सुरू केली होती. अशा पेढ्यांची खरी गरज पडते ती आई आजारी असण्याच्या काळातच.

दवाखाना बंद पडतो तेव्हा उरतं काय? उरते गावातली आरोग्य स्वयंसेविका म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातली परिचारिका म्हणजे एएनएम. फोनवरून विचारपूस करता येते, पण फोनवरून रक्तदाब मोजता येत नाही, आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब झटके येईपर्यंत बाईला कळतही नाही. कुणीतरी घरापर्यंत यावं लागतं. घरापर्यंत आल्याने काय होतं हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या ही जी राष्ट्रीय पद्धत आहे, तिचं मूळ तिथे आहे. महासाथीत टिकून राहू शकेल अशी सेवा आपल्याकडे आधीच तयार होती.

आपण तिचं काय केलं? राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना करोनाच्या सर्वेक्षणाला जुंपलं. ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर फिरा, बाहेरून आलेल्यांच्या याद्या करा, विलगीकरणावर लक्ष ठेवा, मग ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम. आशांना पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. बाळंतपणासाठी बाईला दवाखान्यात नेण्याचा, लसीकरणाचा, गृहभेटीचा. ही कामं मागे पडली की मोबदलाही मागे पडला. करोनाच्या कामासाठी केंद्राचा भत्ता महिन्याला हजार रुपये होता, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा काहींनी नाकं मुरडली. त्यांच्या हाती आलं ते मानधनात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला.

तरीही कामं झाली, ती माणसांच्या बळावर. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी चिमलखेडी भागातली एक अंगणवाडी सेविका एप्रिल २०२० पासून होडी वल्हवत पाड्यांवर जात होती, कारण साथीच्या भीतीने तिथल्या आदिवासी कुटुंबांनी अंगणवाडीकडे येणंच बंद केलं होतं. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर वल्हवायचं, बाळांची वजनं करायची, गरोदर बायकांची चौकशी करायची, आहार पोचवायचा. अंगणवाडीतला गरम ताजा आहार बंद होऊन घरी कोरडा शिधा जाऊ लागला होता. तो घरातले सगळेच खात, हे प्रत्येक सेविकेला माहीत होतं. एका बाईच्या दंडातल्या बळावर सेवा चालते तेव्हा आपण त्या बाईचं अभिनंदन करतो आणि होडीला इंजिन लावायचं विसरतो.

आणखी एका गोष्टीवर त्या काळात फार कमी बोललं गेलं. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया आणि तांबी बसवणं सुरुवातीला थांबवलं गेलं, दुकानांत गोळ्या संपल्या आणि गर्भपातासाठी जायचं तर बाहेर पडायला कारण सांगावं लागे. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनच्या अंदाजानुसार टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशभरातल्या साडेअठरा लाख गर्भपातांमध्ये अडथळे आले. गर्भपाताला तर कायद्याने ठरवलेले आठवडे असतात. त्या बायकांचं पुढे काय झालं असेल याचा अंदाज आपण सगळेच करू शकतो.

सुधारणाही झाली, हे सांगायला हवं. २०२२ मध्ये लसीचा एकही डोस न मिळालेल्या मुलांची संख्या भारतात सुमारे ११ लाखांवर उतरली, म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही खाली. गोवंडीच्या साथीनंतर उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीचा डोस दिला गेला. यंत्रणेला मागे पडलेलं काम भरून काढता येतं. पण भरून काढायला मूल जिवंत आणि आई धडधाकट असावी लागते.

पुढची साथ कशाची असेल ते कुणी सांगू शकणार नाही. कदाचित पुन्हा श्वसनाची असेल, कदाचित डासांची. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिका हा डासांतून पसरणारा विषाणू सापडला होता आणि २०२४ मध्ये तो पुण्यात गरोदर बायकांपर्यंत पोचला. साथ कोणतीही असो, पहिल्याच आठवड्यात आपल्या ग्रामपंचायतीला, नगरसेवकाला किंवा आरोग्य अधिकाऱ्याला चार गोष्टी विचारा. आपल्या भागात बाळंतपणासाठी उघडं राहणारं रुग्णालय कोणतं, पॉझिटिव्ह बाईसाठी कोणतं, रात्री गाडी कुठून मिळेल, आणि लसीकरणाचा वार कोणता. उत्तरं नावानिशी आणि फोन नंबरांसह लेखी मागा आणि चावडीवर, सोसायटीच्या फळ्यावर लावा. आणि घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर साथीची वाट न बघता आजच त्याचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो.